चोरवाचन

मावशीने हातातली कापडी पिशवी टेबलावर आपटली, खुर्ची पुढे ओढली, चष्म्याच्या काचा रुमालाने पुसल्या आणि म्हणाली,

"चला. मी चोर."

"आधी चहा तरी घ्या, बाई," साहेब म्हणाले.

"चोराला चहा देतोस? म्हणून तर तुझे कायदे गळतात."

कोपऱ्यात मशीनवर बसलेली टायपिस्ट फिसकन हसली. साहेबही हसले. दुसरं करणार काय? मावशी निवृत्त झाली तेव्हा ते तिच्या हाताखाली स्वल्पविराम शिकत होते. आता ते मसुदा विभागाचे प्रमुख होते, दाराबाहेर त्यांच्या नावाची पाटी होती, पण मावशी आली की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

मसुदा विभागाची ही फार जुनी रीत. देशाचा कुठलाही कायदा आधी याच खोल्यांमध्ये कागदावर उतरायचा, आणि छापायला जाण्यापूर्वी एकदा त्याचं चोरवाचन व्हायचं. ज्याने मसुदा लिहिला तो घरधनी. दुसऱ्या कुणीतरी चोर व्हायचं आणि सगळी अक्कल पणाला लावून त्या कायद्याच्या तावडीतून निसटून दाखवायचं. चोर निसटला की मसुदा परत. निसटता आलं नाही, तर चोराने सगळ्यांसमोर, मोठ्याने, "सापडलो" म्हणायचं, आणि मग विधेयक छापखान्यात. ही रीत कुठल्याही नियमपुस्तकात नव्हती. पण या विभागात लिहिलेल्या नियमांपेक्षा न लिहिलेलेच जास्त पाळले जात, आणि ते एका परीने बरंच होतं.

मावशी ही विभागाच्या इतिहासातली सगळ्यात नावाजलेली चोर. निवृत्तीनंतरही अवघड विधेयक आलं की तिला गाडी पाठवून बोलावून आणत. ती गाडी परत पाठवायची आणि बसने यायची.

आजचं विधेयक तर तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. ज्याने पाणी, माती किंवा हवा नासवली, त्यानेच ती स्वतःच्या खर्चाने निस्तरायची, आणि होती तशी होईपर्यंत सुटका नाही. ऐकायला किती सोपं! सांडलंस ना, मग तूच पूस, हे घरोघरी आया पोरांना सांगतातच. पण आईचं हे एक वाक्य देशाचा कायदा करायला घ्या, म्हणजे नाकी नऊ येणं काय असतं ते कळतं. आजवर तीन मसुदे झाले होते आणि तिन्ही वेळा मावशी हसत हसत निसटली होती. देशात हा कायदा नाही तो एका म्हातारीच्या पायी, असं कँटीनमध्ये म्हणत. मावशीच्या कानावर ते आलं होतं. ती वरवर हसली होती, पण ते तिला लागलं होतं.

चौथा मसुदा तिच्या सख्ख्या भाचीने लिहिला होता.

भाची समोरच बसली होती. पुढ्यात मसुदा, हातात पेन्सिल. सकाळपासून तिने पेन्सिलीला तिसऱ्यांदा टोक केलं होतं. अधिवेशनाचा हा शेवटचा आठवडा. आज मावशी सापडली तर उद्या छपाई आणि परवा सभागृहात. नाही सापडली, तर मग निवडणुका, नवं सरकार, नवे मंत्री आणि फाइल पुन्हा कपाटात. भाचीला हे विधेयक पार व्हायला हवं होतं. गेले कित्येक महिने ती त्याच्यासकट जेवत होती आणि त्याच्यासकट झोपत होती.

आणि गंमत अशी, की मावशीलाही हरायचंच होतं. अगदी मनापासून. पण खोटं खोटं हरणं तिच्या स्वभावात नव्हतं. भाची तिच्याच घरी वाढलेली, तिला हे पुरेपूर ठाऊक होतं. पत्त्यांच्या डावात घरोघरची मोठी माणसं पोरांना मुद्दाम जिंकू देतात. मावशीने तसं एकदाही केलं नाही. पोरगी रडायची, पत्ते भिरकावायची. मावशी ते शांतपणे गोळा करायची, पिसायची आणि म्हणायची, "पुन्हा."

"तर," मावशी म्हणाली, "माझा रंगाचा कारखाना आहे. पाणी लाल करून नदीत सोडलं. तुम्ही पकडायला यायच्या आत कारखाना विकून मोकळी झाले. मेव्हण्याला. आता मी कोण? एक गरीब पेन्शनर."

"कलम सात," भाची म्हणाली. "विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही जबाबदार. आधी सापडेल त्याला धरायचं."

"मेव्हणा बिचारा."

"मेव्हण्याने घेताना नदी बघायची होती."

मावशीने मान डोलावली. साहेबांनी आपल्या कागदावर बरोबरची खूण केली.

"माझ्याकडे परवाना आहे. सरकारी शिक्क्याचा. तुम्हीच दिलात."

"कारखाना चालवायचा परवाना आहे, नदी नासवायचा नाही. कलम आठ."

"बरं बाई, चुकले. दंड करा. भरते आणि जाते घरी."

"दंड वेगळा, निस्तरणं वेगळं. दंड भरूनही नदी होती तशी करून द्यावी लागेल. त्याशिवाय घरी जाता येणार नाही."

"होती तशी?" मावशी पुढे झुकली. तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. टायपिस्टने टाइप करणं थांबवलं. "होती तशी म्हणजे कधी होती तशी? काल? परवा? माझ्या आजोबांच्या लहानपणी? काल तर शेजारच्या कारखान्याने ती आधीच काळी केली होती. मी फक्त लाल केली."

मागच्या मसुद्याचं घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं. साहेबांनी खुर्चीत चुळबुळ केली. भाची मात्र हसली. या प्रश्नाची तर ती वाट बघत होती.

"कलम बारा. त्याच नदीचं, वरच्या अंगाचं, कुणीही हात न लावलेलं पाणी बघायचं. तसं करून द्यायचं. वरचं पाणीही बिघडलेलं असेल, तर तसल्याच दुसऱ्या नदीचं."

"आणि शेजारचा काळेवाला?"

"दोघांपैकी कुणालाही धरता येतं. जो सापडेल तो सगळं निस्तरील आणि दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करील."

"म्हणजे भांडण आमच्या आमच्यात लावून दिलंस."

"हो."

"आणि तू बसलीस बघत."

"हो, मावशी."

"गुणाची गं माझी बाय ती!" मावशीने टेबलावर थाप मारली. मग लगेच सावरून, चोराला शोभेल असा आवाज काढून तिने विचारलं, "आणि माझं दिवाळं निघालं तर? खिसे झटकून दाखवते. घ्या काय घ्यायचं ते."

"कारखाना सुरू करायच्या आधीच तुझ्याकडून तारण घेतलंय. कलम पंधरा."

मावशी खुर्चीत मागे टेकली. तिने साहेबांकडे बघितलं, मग टायपिस्टकडे, मग पुन्हा भाचीकडे. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. ती खूश होती. मुलीला पहिल्यांदा सायकल चालवताना बघून माणूस होतं तशी.

"आता म्हणून टाका, बाई," साहेब म्हणाले. "गंगेत घोडं न्हाऊ द्या एकदाचं."

"जेवून येते," मावशी म्हणाली. "उपाशी पोटी शरण जायचं नाही, असा आमच्या धंद्याचा नियम आहे."

डबा तिने आणलाच नव्हता. ती जिना उतरून खाली गेली.

जेवणाची सुट्टी संपली तरी तिचा पत्ता नव्हता. साहेब दोनदा घड्याळाकडे बघून आले. छापखान्याला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. टायपिस्टने शेवटच्या पानासाठी मशीनमध्ये कागदही चढवून ठेवला होता. भाचीने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मावशी आली ती बुटांना चिखल घेऊन. हातात मुठीएवढं एक रोपटं, काळ्या पिशवीत. ऑफिसच्या मागच्या भिंतीला लागून एक नर्सरी होती आणि मावशी नोकरीत असल्यापासून तिथली गिऱ्हाईक होती. या इमारतीत आली की एक रोप घेतल्याशिवाय ती जायची नाही. तिने ते टेबलावर ठेवलं आणि बसली.

"झालं ना जेवण?" साहेबांनी विचारलं.

"मी आता दुसरी चोर," मावशी म्हणाली.

"अहो बाई!"

"सापडले म्हटलंय का मी अजून? नाही ना? मग." ती भाचीकडे वळली. "माझ्याकडे डिझेलची टाकी आहे. परसदारी, जमिनीत पुरलेली. गळते. थेंब थेंब, बरीच वर्षं. शेजारी एका बाईची नर्सरी आहे. तिच्या मागच्या कोपऱ्यात काही जगत नाही."

"कलम तीन आणि कलम नऊ," भाची क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "टाकी ज्याच्या ताब्यात तो धारक. धारकाने गळती थांबवायची, माती बदलायची आणि बाईचं नुकसान भरून द्यायचं."

"मी धारक नाही."

"टाकी तुझी आहे ना?"

"माझीच आहे. पण मी धारक नाही. व्याख्या वाच. सावकाश वाच."

भाचीने पानं उलटली. शब्दांवर पेन्सिल ठेवत वाचू लागली. "धारक म्हणजे असे साधन जिच्या ताब्यात आहे अशी कोणतीही व्यक्ती, संस्था किंवा कंपनी, परंतु त्यामध्ये शासनाचा कोणताही विभाग किंवा कार्यालय यांचा..."

पेन्सिल थांबली.

"समावेश होणार नाही," मावशीने वाक्य पुरं केलं.

"तू कोण आहेस?" भाचीने हळूच विचारलं.

"मी हे ऑफिस. ती खाली जनरेटरची टाकी आहे ना, ती माझी."

टायपिस्टने मशीनमधला कागद उगाचच थोडा वर ओढला आणि पुन्हा खाली केला.

ते शब्द भाचीने लिहिले नव्हते. तसे ते कुणीच लिहिले नव्हते. विभागात एक जुना साचा होता. कुठल्याही नव्या कायद्याच्या व्याख्या त्या साच्यावरून उतरवायच्या, आणि हे वाक्य साच्यातच होतं. वजनमापांच्या कायद्यात होतं, लिफ्टच्या कायद्यात होतं, कुत्र्यांच्या पट्ट्यांच्या कायद्यातही होतं. रोजच्या वाटेवरच्या खड्ड्याला माणूस न बघता वळसा घालतो, तशी सगळ्यांची नजर त्याला वळसा घालून जायची. तीन मसुद्यांमध्ये मावशीचीही गेली होती.

"मलाही आजच दिसलं," ती म्हणाली. "जन्मभर चोऱ्या केल्या गं, पण सगळ्या खासगी. सरकारी नोकर म्हणून एकदाही केली नाही. सुचलंच नाही. आपण कशाला चोर असू, असंच वाटायचं."

"बाई, हा प्रश्न वेगळा आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "ते वाक्य सगळीकडे असतं. मीठ असतं तसं. ते काढायचं म्हणजे सचिवांना विचारा, मंत्र्यांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं की संपलं. अधिवेशन हातचं जाईल. आज आहे तसं जाऊ द्या. पुढच्या वर्षी दुरुस्ती आणू. मी स्वतः आणतो. शब्द देतो."

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं," मावशी म्हणाली.

"तसं समजा हवं तर. पण कायदा होईल, बाई. सगळे कारखाने सापडतील. एका टाकीपायी सगळंच घालवायचं? तुम्ही फक्त सापडले म्हणा."

खरंच, साहेब काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणत होते त्यात तथ्यही होतं. मावशीलाही ते पटल्यासारखं दिसलं, कारण ती ताडकन काही बोलली नाही. तिने रोपट्याची पिशवी दोन्ही हातांत धरली होती.

"ही म्हणाली तर म्हणते," ती भाचीकडे बघून म्हणाली. "आज पहिल्यांदाच. म्हण म्हणालीस, तर म्हणते."

एक शब्द, आणि सगळं पार. मावशी तो खरंच उच्चारील याबद्दल तिला शंका नव्हती. मावशीचं तिच्यावर तेवढं प्रेम होतं. मात्र त्यानंतर मावशी पुन्हा कधी या इमारतीत येणार नाही, याबद्दलही तिला शंका नव्हती.

तिने मसुदा जवळ ओढला. "परंतु" या शब्दापासून "नाही" या शब्दापर्यंत पेन्सिलची एक सरळ रेघ मारली. जाड. मग तीच रेघ पुन्हा एकदा गिरवली.

"पुन्हा," ती म्हणाली.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि फोन करायला बाहेर गेले. जाताना "माझ्याच नशिबी" एवढंच ऐकू आलं.

मावशीने खुर्ची टेबलाला भिडवली. आता ती मघाची खेळकर चोर राहिली नव्हती. आता ती सरकार होती, आणि सरकारसारखीच हळू, थंड बोलू लागली.

"ठीक आहे. मी धारक. पण माझ्यावर नोटीस काढणार कोण? माझाच एखादा माणूस. तो माझ्याच पगारावर आहे. फाइल दाबून ठेवील."

"कलम वीस. ज्याचं नुकसान झालं तो थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मध्ये तुझा माणूस नकोच."

"नुकसान झालेल्याला टाकीचं ठाऊकच नाही. त्याला वाटतं माती खराब."

"कलम चार. धारकाला गळती कळली, की त्याने स्वतःहून शेजाऱ्याला जाऊन सांगायचं. न सांगितल्यास दुप्पट जबाबदारी."

"मला कुठे कळली?" मावशीने हात वर केले. "मी ऑफिस. मला ना डोळे ना नाक."

"आत्ता कळली की!" टायपिस्ट एकदम बोलून गेली आणि जीभ चावली. मग धीर करून म्हणाली, "आमच्या सगळ्यांच्या देखत कळली. मी टाइपसुद्धा केलंय."

भाची खळखळून हसली. मावशीने टायपिस्टकडे डोळे वटारले, पण तिच्याही ओठांचे कोपरे थरथरत होते. तिने मसुदा आपल्याकडे ओढला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. बोटाने, ओळ न् ओळ. मध्येच "हं" म्हणायची, थांबायची, मागे जायची, पुन्हा पुढे यायची. भाची तिच्याकडे बघत राहिली. कितीतरी वेळ गेला. खाली कुणीतरी मोटारसायकल सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली.

साहेब परत आले तेव्हा मावशी शेवटच्या पानावर होती.

"काय म्हणाले?" भाची उभी राहिली.

साहेबांचा चेहरा विचित्र झाला होता, गोंधळलेला आणि हसरा. "सचिवांनी मंत्र्यांना जोडून दिलं. मी सगळं सांगितलं. टाकीसकट. मंत्री आधी काही बोललेच नाहीत. मला वाटलं, गेली नोकरी. मग म्हणाले, विरोधक नेमका हाच मुद्दा काढून आमच्या अंगावर येणार होते, भाषणंसुद्धा तयार आहेत त्यांची. आता काय बोलतात ते बघायचंय मला. काढा ते वाक्य. आणि एवढे हसले, एवढे हसले, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला."

"म्हणजे काढलं?"

"काढलं!"

टायपिस्टने टाळी वाजवली. भाची परत खुर्चीत बसली. तिने मावशीकडे बघितलं. तिचं "सापडले" अजून बाकी होतं, आणि मंत्री काहीही म्हणोत, त्याशिवाय काही खरं नव्हतं.

मावशीने शेवटचं पान मिटलं. चष्मा काढला. ती उभी राहिली, कारण ही गोष्ट उभं राहूनच म्हणायची असते.

"सापडले," ती म्हणाली. मग पुन्हा, आख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "सापडले! पुरती सापडले! अरे, कुठूनही निसटता येत नाही!"

मग जे झालं त्याला विभागाची रीत वगैरे काही नव्हती. मावशीने भाचीला गच्च मिठी मारली, भाची रडली आणि हसली, साहेबांनी चहा मागवला आणि या वेळी चोराने तो घेतला. टायपिस्टने नवं पान इतक्या जोरात टाइप केलं, की बाजूच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर ठोकलं. "ठोका, ठोका," मावशी भिंतीला म्हणाली. "आजच काय ते ठोकून घ्या."

मसुदा छापखान्याला रवाना झाला तशी मावशीने पिशवी उचलली.

"चल."

"कुठे?"

"कलम चार. शेजाऱ्याला जाऊन सांगायचं."

"मावशी, अजून कायदा झाला नाहीये. सभागृह आहे, मतदान आहे, राजपत्र..."

"गळती झालीये ना? मग चल."

इमारतीला वळसा घालून दोघी मागच्या गल्लीत गेल्या. मावशी भरभर चालत होती, भाचीला तिच्या बरोबरीने चालताना धाप लागत होती. वाटेत पानवाल्याने "काय बाई, आज पण जिंकलात वाटतं" म्हणून विचारलं. "हरले!" मावशी ओरडली. नातवंड झाल्याची बातमी सांगावी तशा सुरात. पानवाल्याने न कळूनही अभिनंदन केलं.

नर्सरीवाली झारीने पाणी घालत होती. दणकट, उन्हाने रापलेली, साठीकडे झुकलेली बाई. मावशीला बघून तिने झारी खाली ठेवली.

"अहो, आत्ताच तर रोप नेलंत. मेलं की काय इतक्यात?"

"मेलं नाही. हिला काहीतरी सांगायचंय तुला. ही माझी भाची. वर बसते, त्या ऑफिसात."

भाची पुढे झाली. एवढी कलमं सकाळपासून तोंडपाठ म्हटली होती, आणि आता तिला सुरुवात सुचेना. बाईच्या पाठीमागे, भिंतीलगत, तो कोपरा दिसत होता. बाकी सगळी नर्सरी हिरवीगार, आणि तेवढा तुकडा काळा, तेलकट, उघडा.

"तुमच्या त्या कोपऱ्यात काही जगत नाही ना," ती म्हणाली, "ते आमच्यामुळे. आमची डिझेलची टाकी गळते. आजच कळलं. म्हणजे, आज लक्षात आलं. आता आम्हीच ते निस्तरणार. टाकी काढणार, माती बदलून देणार, तुमचं जे काय गेलं ते भरून देणार. कायदा येतोय तसा. नाही आला तरी देणार."

बाईने ओल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारले.

"माहितीये की मला," ती म्हणाली.

"काय?"

"टाकीचं. पावसात तर तवंग येतो इथे. डिझेलचा वास कळत नाही होय मला?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" भाचीने विचारलं. "एक अर्ज, एक शब्द... आम्ही इथेच तर होतो, अगदी डोक्यावर."

"आता शेजाऱ्यापाजाऱ्यांशी काय भांडायचं? आणि तुम्ही कायदे लिहिणारी माणसं. मला वाटलं, तुम्हाला कसला वास येत नसेल एवढ्या वर."

मावशीने भाचीकडे बघितलं. आजच्या दिवसात पहिल्यांदाच ती काही सुचवत नव्हती, डिवचत नव्हती. नुसती थांबली होती.

"येत होता," भाची म्हणाली. "आम्ही खिडकी लावून घ्यायचो."

बाई हसायलाच लागली. आधी हळू, मग कमरेवर हात ठेवून, पोट धरून.

"अगं बाई! आणि मी वेडी त्याच खिडकीखाली दर वर्षी जाईचा वेल लावतेय! मरतो, पुन्हा लावते. म्हटलं, बिचारी माणसं दिवसभर कागदांत डोकं घालून बसतात. निदान वास तरी चांगला जावा वर."

मावशीचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. भाची त्या काळ्या तुकड्याकडे बघत होती. तिथे, भिंतीला टेकून, आधारासाठी बांधलेल्या बारीक काठ्या होत्या. खालून वरपर्यंत, एकीला एक जोडून, थेट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत गेलेल्या.

"माती बदलली की यंदा पुन्हा लावाल?" तिने विचारलं.

"लावते की. त्यात काय," बाईने झारी उचलली. "पण खिडकी उघडी ठेवायची हां."